उचल कोणत्या चलनात घेतली, ते आधी बघ

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. जगावरचं कर्ज फिटणारं नाही, तेल आटत चाललंय, वाढीचे दर आता कागदावरच राहणार, मग एम. ए. करून नोकऱ्यांच्या मागे धावण्यापेक्षा सरळ गावी जाऊन बाबांबरोबर शेतात उभं राहावं का, असं तू विचारलंयस. आणि सही करून झाल्यावर खाली बारीक अक्षरात, ‘काका, हल्ली झोप लागत नाही.’ त्या ओळीसाठी आज सकाळपासून लिहायला बसलोय.

तुझी भीती खोटी नाही. मी ती काउंटरच्या आतल्या बाजूला बसून पाहिली आहे. पण ‘सगळंच कोसळणार’ असं वाटायला लागलं की नेमकं काय कोसळतंय हे बघायचं माणूस सोडून देतो. अर्थशास्त्र शिकलेल्या मुलीने ते सोडून चालायचं नाही.

१९९० साली मी फोर्टातल्या एका बँकेत परकीय चलन विभागात होतो. २ ऑगस्टला इराकच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या. जुलैत पिंपाला सतरा-अठरा डॉलरच्या आसपास असलेलं तेल ऑक्टोबरात चाळिशीला भिडलं. पण आमच्या काउंटरला पहिला धक्का तेलाचा बसला नाही, माणसांचा बसला. एका सकाळी दापोलीकडची एक बाई आली. रुमालाच्या गाठीत कुवेती दिनारच्या नोटा होत्या, नवऱ्याने सुटकेच्या गडबडीत अंगावर लपवून आणलेल्या. आठ वर्षांची कमाई, म्हणाली. त्या नोटा त्या दिवसांत कुणीच घेत नव्हतं. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणखी काही देता आलं नाही. कुवेतमधून आपली पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं विमानाने परत आणली गेली, त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावा. पण ती माणसं परत आली म्हणजे त्यांच्या मनिऑर्डरी आणि ड्राफ्टही थांबले. तेलाचं बिल वाढलं आणि त्याच महिन्यांत ते भागवायला येणारे डॉलर आटले. आखातावर आपण दोन्ही अंगांनी टेकलो होतो, हे मला त्या रुमालाकडे बघताना कळलं. पुस्तकात ते इतकं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं.

मग आयातदारांची रांग लागली. रिझर्व्ह बँकेने आयातीवर रोख मार्जिन बसवलं होतं. आधी पन्नास टक्के, आणि १९९१च्या उन्हाळ्यापर्यंत ते दोनशे टक्क्यांवर गेलं. म्हणजे लाखाचा माल मागवायचा तर एलसी, म्हणजे विक्रेत्याला पैसे देण्याचं बँकेचं हमीपत्र, उघडण्याआधी दोन लाख बँकेत ठेव. अंबरनाथचा एक कारखानदार माझ्यासमोर बसला होता. त्याला एका यंत्रासाठी जर्मनीहून बेअरिंग हवं होतं. बेअरिंग तळहातावर मावेल एवढं, पण त्याच्यावाचून साठ माणसांचं काम थांबलेलं. तो भांडला नाही. फक्त म्हणाला, ‘साहेब, माझ्याकडे ऑर्डर आहे, कामगार आहेत, पैसेही आहेत. मग नाही काय?’

नव्हते ते डॉलर. जानेवारी १९९१ मध्ये देशाची परकीय गंगाजळी सव्वा अब्ज डॉलरच्या आत आली होती आणि जूनपर्यंत त्याच्याही निम्म्यावर. जेमतेम तीन आठवड्यांची अत्यावश्यक आयात भागेल एवढी. मे महिन्यात तस्करांकडून जप्त केलेलं २० टन सोनं स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडला गेलं. जुलैत रिझर्व्ह बँकेने आपल्या साठ्यातलं जवळजवळ ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवलं. त्यातून मिळाले सुमारे ४० कोटी डॉलर. त्याच महिन्यात दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं. घरातलं सोनं सोनाराकडे गेलं की बाई ते शेजारणीलाही सांगत नाही; तसे आम्ही सगळे त्या दिवसांत विभागात खालच्या आवाजात बोलत होतो. ते कर्ज त्याच वर्षी फिटलं, सोनं सुटलं. तरी बँकेच्या दारातून बाहेर पडताना वाटलेली लाज मला आजही आठवते.

आता यातून काय घ्यायचं ते सांगतो. तेल महागलं म्हणून देश अडचणीत आला असं बरेच जण सांगतात. तेल महागलं हे खरंच. पण जपान तेव्हाही जवळजवळ सगळं तेल बाहेरूनच घेत होता आणि आपण ज्यांच्याकडे सोनं ठेवलं त्यात जपान होता. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात तूट वाढत गेली होती आणि ती भरायला अल्प मुदतीची विदेशी कर्जं आणि अनिवासी भारतीयांच्या ठेवी घेतल्या होत्या. पहिली वाईट बातमी येताच अल्प मुदतीची कर्जं नव्याने मिळेनात आणि ठेवीदार पैसे काढून घ्यायला लागले. झाड आधी पोखरलेलं होतं, वारा तेलाचा आला.

तुमच्या भागात गळीत हंगामाला बीड-पाटोद्याकडून टोळ्या येतात, त्या तू लहानपणापासून पाहतेस. मुकादमाकडून उचल घेऊनच त्यांनी गाव सोडलेलं असतं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एक उचल. हंगाम चांगला गेला तर ती फिटते आणि हातात चार पैसे उरतात. ऊस कमी निघाला, बाई आजारी पडली, की उरलेली उचल पुढच्या हंगामावर जाते आणि माणूस पुढच्या वर्षासाठी बांधला जातो. देशाचं कर्ज समजून घ्यायला मला याहून जवळचं काही सापडलेलं नाही. कर्ज म्हणजे अजून न तोडलेल्या उसावर घेतलेली उचल. फरक एकच, आणि तोच जीव घेणारा. कोयत्याची मजुरीही रुपयांत आणि उचलही रुपयांत असते. गरीब देशाची मजुरी रुपयांत आणि उचल डॉलरमध्ये. रुपया घसरला की एकही नवा पैसा न घेता उचल वाढते.

श्रीलंकेकडे बघ, कारण ते तुझ्या डोळ्यांदेखत घडलं. २०१९च्या शेवटी तिथल्या नव्या सरकारने कर एकदम उतरवले, मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणला. त्याच वर्षी ईस्टरच्या बॉम्बस्फोटांनी पर्यटक घटले होते, मग कोरोनाने उरलेलेही थांबवले. २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका झटक्यात बंदी आली आणि भाताचं पीक पडलं. या सगळ्यावर, फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि मार्चमध्ये तेल १२० डॉलरच्या वर गेलं. १२ एप्रिलला सरकारने जाहीर केलं की विदेशी कर्जाचे हप्ते आम्ही तूर्त देऊ शकत नाही. कर्ज होतं ५१ अब्ज डॉलरच्या आसपास. मेच्या सुरुवातीला अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलं, वापरता येतील असे डॉलर ५ कोटींपेक्षाही कमी उरलेत.

हे आकडे तू पाठ करशीलच. पण त्याबरोबर हेही लक्षात ठेव, की कोलंबोजवळच्या शाळांच्या परीक्षा कागद नाही म्हणून पुढे ढकलल्या गेल्या. रॉकेल आणि पेट्रोलच्या रांगेत तासन् तास उभी असलेली म्हातारी माणसं उन्हात कोसळून मेली. जूनच्या शेवटी तर अत्यावश्यक सेवा सोडून इतरांना इंधन विकणंच बंद केलं. शिकलेला, सुंदर, आपल्यापेक्षा सरासरी आयुर्मान जास्त असलेला देश. तेल येत नाही म्हटल्यावर दवाखान्यात पोहोचता येईना, बोटी समुद्रात जाईनात, भाजी शेतातून निघेना. कर्ज ही हिशेबाची गोष्ट असते, पण ती माणसाच्या अंगावर येते ती बहुतेक वेळा तेलाच्या रांगेतूनच.

तू म्हणशील, मग ज्याच्याकडे तेल आहे तो सुखी. मेक्सिकोकडे होतं. १९७३ नंतर तेल तिपटी-चौपटीने महागलं, आखाती देशांचा पैसा अमेरिकेच्या आणि युरोपच्या बँकांत साठला आणि त्या बँका तो लॅटिन अमेरिकेला वाटत सुटल्या. मेक्सिकोने पुढच्या तेलाच्या भरवशावर उचल घेतली. मग अमेरिकेने महागाई रोखायला व्याजदर वीस टक्क्यांपर्यंत नेले, तेलाचा भाव उतरायला लागला आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हात वर केले. त्या खंडात ते सगळं दशकच वाया गेलेलं मानतात.

आता तुझा मोठा प्रश्न, वाढ अशीच चालू राहील का. सात टक्क्यांनी वाढणारी गोष्ट दहा वर्षांत दुप्पट होते, हे तुला माहीत आहे. शंभर वर्षांचं गणित कधी मांडलंस का? आठशे पटींहून जास्त होतं. असं वाढणारं या पृथ्वीवर काय आहे? व्याज आहे, कारण ते कागदावर वाढतं. बाकी प्रत्येक गोष्टीला माती, पाणी, ऊर्जा लागते.

ऊर्जेचं म्हणशील तर तुझ्या आजोबांना मी बैलांनी नांगरताना पाहिलंय. एका एकराला जोडीचे दोन-तीन दिवस जात आणि संध्याकाळी बैलाच्या मानेवर हळद-तेल लावायला ते स्वतः बसत. आता ट्रॅक्टर तासा-दीडतासात एकर उलटवून जातो. एका लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. धडधाकट माणूस दिवसभर राबला तर त्याच्याकडून अर्ध्या युनिटाएवढं काम होतं. इंजिनात दोन तृतीयांश उष्णता वाया गेली तरी एका लिटरमागे सहा माणसांचा दिवस सुटतो, तोही माणसाच्या एका दिवसाच्या मजुरीहून कितीतरी कमी पैशात. गेल्या शे-दीडशे वर्षांत आपण जिला वाढ म्हणतो, तिच्यात हुशारी किती आणि कोट्यवधी वर्षांत साठलेलं हे स्वस्त बळ किती, याचा हिशेब अर्थशास्त्राने नीट घातलेला नाही असं माझं स्पष्ट मत आहे. मागच्यांची ठेव आपण तेलात मोडतोय आणि पुढच्यांची उचल कर्जात घेतोय.

मुंबई हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र १९७४ मध्ये सापडलं तेव्हा मी कॉलेजात होतो. ‘सागर सम्राट’ या तेल शोधणाऱ्या जहाजाचं नाव घराघरांत माहीत होतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला देशात वर्षाला तीनेक कोटी टन तेल निघत होतं आणि आपल्या गरजेचा निम्म्याहून बराच जास्त भाग त्यातून भागत होता. २०२३-२४ मध्येही देशात निघालं ते तीन कोटी टनांच्या आतच. आयात मात्र २३ कोटी टनांवर गेली. चाळीस वर्षांत विहीर तेवढीच राहिली आणि पाण्याला येणारी घरं वाढत गेली.

आणि आपण उचल घेऊन तेल जाळलंय, हेही ऐक. २००५ ते २०१० या काळात तेल महाग असताना पंपावरचा भाव वाढू नये म्हणून सरकारने तेल कंपन्यांना रोख पैसे न देता रोखे दिले. त्यातले शेवटचे रोखे २०२६ पर्यंतचे होते. तू बालवाडीत असताना कुणीतरी जाळलेल्या डिझेलचं मुद्दल तू मतदार झाल्यावर फिटलं, आणि व्याज दरवर्षी जात राहिलं ते वेगळं. आज केंद्राच्या अर्थसंकल्पात, २०२५-२६चा धर, एकूण खर्च सुमारे ५०.६५ लाख कोटी आणि त्यातलं व्याज १२.७६ लाख कोटी. चार रुपयांतला एक. शाळा, दवाखाना, रस्ता यांची गोष्ट उरलेल्या तीन रुपयांत.

आपल्याकडे पूर्वी दामदुपटीचा नियम होता. साचलेलं व्याज मुद्दलाएवढं झालं की थांबायचं, त्याहून जास्त एका वेळी सावकाराला मागता येत नसे. मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही हिंदू कर्जदारांच्या बाबतीत तो मानला. मला तो नियम फार शहाणा वाटतो. वाढीला कुठेतरी बांध असतो, हे तो नियम करणाऱ्यांना माहीत होतं. देशांच्या कर्जाला असा बांध नाही.

सुपे तुमच्या गावापासून मोटरसायकलवर अर्ध्या तासावर आहे. तिथे १२ मे १८७५ला काय झालं ते तुला कुणी सांगितलं का? अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते ६५. तिकडचा कापूस थांबला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकार मागेल त्याला पैसे देऊ लागला. मुंबईत तर बॅकबेच्या समुद्रात भराव घालणाऱ्या कंपनीच्या शेअरांनी माणसं वेडी झाली होती. युद्ध संपलं, भाव कोसळले, सावकाराने हात आखडता घेतला आणि सरकारने वर शेतसारा वाढवला. दहा वर्षं कुणबी पिचला आणि मग सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची दुकानं गाठून वह्या आणि कर्जरोखे जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते पसरलं, आणि १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. एकाच मालावर विसंबलेलं उत्पन्न, त्याच्या चढ्या भावावर घेतलेली उचल, आणि भाव ठरणार साता समुद्रापलीकडे. मेक्सिकोआधी शंभरेक वर्षं हे आपल्या कऱ्हेकाठच्या माणसांनी भोगलंय.

म्हणून गावी जाण्याबद्दल. जा, जायचं असेल तर आनंदाने जा, शेती हे कमी प्रतीचं काम नाही. पण तेलापासून आणि कर्जापासून सुटायला म्हणून जाऊ नकोस, कारण ते दोघे तुझ्या आधी तिथे पोहोचलेत. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो आणि आपला निम्म्याच्या आसपास वायू बाहेरून येतो. डीएपी बराचसा बाहेरचा, पोटॅश जवळजवळ सगळं बाहेरचं. बाबांच्या सोसायटीच्या पीककर्जाचं तुला मी सांगायला नको. इथेनॉलचा उपाय सांगतील, पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत आपण पोहोचलोही. पण ऊस पाण्यावर येतो, आणि तुमच्या विहिरीने मार्चमध्ये तळ दाखवल्याचं तूच कळवलं होतंस.

नोकरीबद्दल माझं मन असं आहे. दाभोळचा वीज प्रकल्प ऐकलायस? तुझ्या जन्माआधीचा. अमेरिकन कंपनी एन्‍रॉनचा, गुहागर तालुक्यातला. पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, नाफ्त्यावर, म्हणजे तेलापासून निघणाऱ्या इंधनावर. विजेचा दर डॉलरला आणि इंधनाच्या भावाला बांधलेला, आणि वीज घ्या न घ्या, स्थिर आकार द्यायचाच. वर्षा-दीडवर्षात तेल दहा-बारा डॉलरवरून तिशीपार गेलं, रुपया घसरला, आणि राज्याच्या वीज मंडळाला बिल झेपेना. मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. या करारावर सभा, मोर्चे खूप झाले. पण पुण्यातल्या ‘प्रयास’ गटाच्या काही तरुणांनी वेगळंच केलं. त्यांनी तो करार घेतला, कलमागून कलम वाचलं, आकडे मांडले, आणि हा भार मंडळाला पेलणार नाही हे प्रकल्प उभा राहण्याच्या कितीतरी आधी लिहून ठेवलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, तुझ्याहून चार-दोन वर्षांनीच मोठी असतील ती मुलं.

तू ते काम कर. राज्यं, महापालिका, महामंडळं आज शंभर प्रकारे उचल घेतायत. मेट्रोसाठी घेतायत, रस्त्यांसाठी घेतायत, निवडणुकीआधी वाटायलाही घेतायत. त्यातली काही चांगली आहे. ज्या कर्जातून आगगाडीचं विद्युतीकरण झालं, शेतीच्या पंपावर सौर पॅनेल बसलं, ते पुढचं तेलाचं बिल कमी करतं; असं कर्ज मी डोळे मिटून घेईन. नाही, डोळे उघडे ठेवून घेईन, कारण पॅनेलही मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतात आणि एक टेकू काढून दुसरा लावतोय का हेही बघायलाच हवं. कर्ज दिसलं की विचार, ते कोणत्या चलनातलं, किती मुदतीचं, आणि त्यातून उभं राहणारं काम तेच चलन मिळवणार आहे का. एवढं विचारणारी माणसं आपल्याकडे कमी आहेत. ओरडणारी पुष्कळ आहेत.

आणि भाकितांपासून थोडी लांब राहा. १९५६ मध्ये हबर्ट नावाच्या भूवैज्ञानिकाने सांगितलं की अमेरिकेचं तेल उत्पादन १९७०च्या सुमाराला शिखर गाठून उतरेल. १९७० मध्ये तसंच झालं. मग खडक फोडून तेल काढायचं तंत्र आलं आणि २०१८ पर्यंत तो देश जुनं शिखर ओलांडून गेला. तेल अमुक सालीच संपणार म्हणणारे चुकले. पण तेल स्वस्त आणि हाताशी राहीलच म्हणणारेही १९७३ला चुकले, १९९०ला चुकले, २०२२ला चुकले. तारीख कुणालाच सांगता येत नाही. कोण किती पोखरलेलं आहे, हे मात्र वेळ असताना मोजता येतं. आज आपण १९९१ मध्ये नाही. मार्च २०२५ अखेर देशाचं विदेशी कर्ज ७३६ अब्ज डॉलर होतं आणि गंगाजळी साडेसहाशे अब्जांच्या वर. एवढ्यासाठी तरी रात्री झोप.

पुढच्या रविवारी सकाळी ये. येताना रिझर्व्ह बँकेच्या तक्त्यातून एक आकडा वहीत उतरवून आण, या विदेशी कर्जातलं वर्षाच्या आत फेडायचं किती आहे तो. पेट्रोलियम खात्याच्या तक्त्यातून दुसरा, गेल्या महिन्यात तेल किती आणि कुठून आलं. आणि तिसरा आकडा बाबांना विचार, या हंगामात एकरी डिझेल किती लिटर लागलं आणि खताच्या गोण्या किती. ते म्हणतील कोण मोजतंय. तू त्यांच्याबरोबर बसून मोज. काकू थालीपिठं लावणार आहे, उपाशी ये.

तुझा,
काका